मामांची नारळफेरी

आंधळी माणसं जगात पुष्कळ असतील, पण डोळस माणसांना इतका ताप देणारा आंधळा माणूस देवाने एकच घडवला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा करून ठेवला. लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगण्यात आलं होतं की मुलीचे एक मामा लालबागला असतात, वेताच्या खुर्च्या विणतात, आणि लहानपणी देवी येऊन त्यांची दृष्टी गेली बिचाऱ्यांची. त्यातलं ‘बिचाऱ्यांची’ एवढं सोडून बाकी सगळं खरं होतं. मामांच्या सहवासात बिचारं कोणी झालंच तर ते आम्ही. पहिल्या भेटीत मी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद द्यायच्या आधी म्हणाले, “जावईबापू, डाव्या पायाची चप्पल झिजलीय तुमची. घासत चालता. कचेरीत कारकून ना?” मी कचेरीत कारकूनच होतो. सासरच्या सगळ्या मंडळींनी कौतुकाने माझ्या पायांकडे पाहिलं. त्या दिवसापासून मामांच्या समोर मी पाय उचलून चालतो आणि त्यामुळे कवायतीला आल्यासारखा दिसतो, असं ही म्हणते.

लग्नात त्यांनी आम्हाला स्वतः विणलेली एक वेताची खुर्ची दिली. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत बसण्यासारखी ती एकच वस्तू होती. एका रविवारी सकाळी जिन्यावर त्यांच्या काठीची टकटक ऐकू आली. रविवारी मामा येत ते काहीतरी काम गळ्यात घालायला. मी हिला ‘घरी नाही म्हणून सांग’ अशी खूण केली आणि त्याच खुर्चीत श्वास रोखून बसून राहिलो. हिने इमानाने सांगितलं, “मामा, हे बाहेर गेलेत.” मामा दारातच थांबले, थोडा कान दिला आणि म्हणाले, “बरं, नसले तर नसोत. पण त्या खुर्चीत जो कोण बसलाय ना गो, त्याला सांग, पाय हलवू नको. वेत करकरतो.” त्यानंतर दुपारपर्यंत मी त्यांच्याबरोबर भायखळ्याला वेताच्या मोळ्या वाहत होतो.

मदत या शब्दाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. लालबागच्या नाक्यावर एकदा ते कोणाची तरी वाट पाहत उभे होते. एका सज्जन गृहस्थाने काही न विचारता त्यांचा दंड धरला, ट्रामचे रूळ ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर नेऊन उभं केलं आणि पुण्य पदरात पाडून तो निघाला. मामांनी त्याचा सदरा मागून पकडला. म्हणाले, “साहेब, वस्तू जिथून उचलली तिथे परत ठेवायची असते. शाळेत शिकवलं नाही?” त्या गृहस्थाने त्यांना मुकाट्याने परत आणून ठेवलं. हे मला ठाऊक आहे, कारण ते ज्याची वाट पाहत होते तो मीच होतो, आणि मला उशीर झाल्याबद्दल त्या गृहस्थाच्या वाटणीचं उरलंसुरलं मला ऐकावं लागलं.

आमच्या घरातलं कपाट लग्नाच्या दिवशी जिथे ठेवलं तिथेच आजही आहे. एकदा हिने हौसेने ते खिडकीजवळ सरकवलं होतं आणि मामांना कळवायचं राहिलं. मामांचं कपाळ आपटलं कपाटावर, आणि पुढचे तीन महिने आमच्याकडे चहाला आले की ते आधी दारातून विचारायचे, “आज घर कुठे आहे?”

पण हे सगळं किरकोळ. खरा छळ सुरू व्हायचा मे महिन्यात. परळच्या एका शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की मामा तिथे पंधरा दिवसांचं आंधळ्यांचं शिबिर भरवत. कोणाचे डोळे गिरणीत गेलेले, कोणाचे गोदीत, कोणाचे जन्मापासून नाहीतच, अशी वीस-बावीस माणसं यायची. काठीने चालणं, सुईत दोरा ओवणं, स्टोव्ह पेटवणं, वेत विणणं असं सगळं मामा शिकवायचे. शिबिराला पैसा नव्हता, पण माणसं होती. लालबाग-परळच्या चाळींतल्या बायका पाळी लावून भाकऱ्या पाठवत, एक न्हावी दुकान बंद ठेवून सगळ्यांच्या दाढ्या करून जाई, व्यायामशाळेचे पैलवान दंडबैठकांऐवजी पाण्याच्या बादल्या उचलत. आणि माझी वर्षाची हक्काची रजा. मला ती कधी महाबळेश्वरला न्यायची होती. दरवर्षी ती परळला जायची.

शिबिराला मदत करणाऱ्या प्रत्येक डोळस माणसाने पहिल्या दिवशी डोळ्यांना पट्टी बांधून जेवायचं, हा मामांचा नियम. पहिल्या वर्षी मी शेजारच्या पैलवानाच्या आमटीत भाकरी बुडवली आणि स्वतःच्या मांडीवर लोणचं वाढून घेतलं. सगळे आंधळे लोक माझ्याभोवती बसून मिटक्या मारत जेवत होते. माझ्या ताटाच्या आवाजावरून मामा त्यांना मी कुठे काय सांडलं ते सांगत होते, आणि ती मंडळी खो-खो हसत होती. हिने मात्र पट्टी बांधून शिताचा कणही सांडला नाही. “भाचीचा हात आहे,” असं मामा अभिमानाने म्हणाले आणि मला पाणी आणायला पाठवलं. पट्टीसकट.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्या दिवसांत रोजच कुठे ना कुठे असत आणि मामा अख्खं शिबिर घेऊन सभेला जात. अगदी पुढे बसत. भाषणापेक्षा त्यांना टाळ्यांत रस असे. टाळ्या किती लांबून येतात यावरून गर्दी कुठपर्यंत पोचली ते सांगत आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गर्दी कमी छापली तर ते वर्तमानपत्र मला वाचायला लावून मला झापत. जणू मीच ते छापलं होतं.

या शिबिराचा शेवट व्हायचा नारळफेरीने. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने शाळेच्या फाटकातून एकट्याने निघायचं, रस्त्याच्या टोकाच्या दुकानातून एक नारळ विकत घ्यायचा आणि एकट्याने परत यायचं. सोबत कोणी नाही, मागून कोणी नाही. सगळे नारळ जमले की ते फोडून त्यांच्या खोबऱ्याची वडी करायची आणि शिबिर संपवायचं. मामा पंधरा दिवस सगळ्यांकडून ती वाट घोकून घेत असत. मी बाजूला बसून ती इतक्यांदा ऐकली होती की मला झोपेतही म्हणता आली असती. “फाटकातून बाहेर पड. पिठाची गिरणी घरघरते, ती डाव्या हाताला ठेव. ती मागे पडली की छापखान्याचं यंत्र खट-खटाक करतं. पुढे सोडावाल्याच्या बाटलीतली गोटी फट्ट वाजली की थांब, गल्ली आडवी येते. गल्ली ओलांडलीस की पोपट शिव्या देतो. पोपटाच्या खाली नारळ.” मला वाटायचं, मामा हे सगळं गंमत म्हणून सांगतात. ते कधी कोणाला वाट नीट सांगतच नाहीत, अशी माझी समजूत होती.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय त्या वर्षी शिबिरात भिकाजी नावाचा एक माणूस आला होता. तिशीचा, दणकट, शिवडीच्या गोदामात पाठीवर गोणी वाहणारा. दोन वर्षांपूर्वी चुन्याची गोणी फुटली आणि चुना डोळ्यांत गेला. तेव्हापासून तो घरात खाटेवर बसून होता. बायको गिरणीत रीळखात्यात कामाला जायची, जाताना त्याच्या उशाशी तांब्या ठेवायची आणि येईपर्यंत तो तिथेच असायचा. त्याला गावी घेऊन जायला कोकणातून त्याचा थोरला भाऊ आला होता. माणूस चांगला होता. “गावाक चार घास मिळतले. हयसर हेका कोण सांभाळतलो?” एवढंच त्याचं म्हणणं. पावसाच्या आधी बोटी बंद होतात, म्हणून त्याने दोघांची तिकिटंही काढून ठेवली होती. भिकाजी मला एकदा हळूच म्हणाला होता, “साहेब, गावाला गेलो ना, की मी त्या खाटेवरून उठायचा नाही. मला ठाऊक आहे.” मामांनी थोरल्या भावाशी भांडून सौदा केला. भिकाजीने एकट्याने नारळ आणला तर तो मुंबईत राहील. नाही आणला, तर बोट आहेच.

नारळफेरीच्या आदल्या संध्याकाळी भिकाजीची बायको मला फाटकाशी भेटली. गिरणीतून सरळ आली होती, केसांत कापूस तसाच. म्हणाली, “भाऊ, मामांना काही बोलायची सोय नाही. पण तुम्ही डोळेवाले आहात. रस्त्यात हातगाड्या असतात. तेवढं बघा हं.” मी म्हटलं, “तुम्ही काळजी करू नका. मी बघतो.” आयुष्यात मी फार कमी वेळा पुढाकार घेतलाय. त्या दिवशी घेतला.

सकाळी सातपासून मी तो रस्ता पालथा घातला. हातगाड्या दोन्ही टोकांना थांबवल्या. पिठाच्या गिरणीवाल्याला सांगितलं, तासभर गिरणी बंद ठेव, तुझ्या दारात गिऱ्हाइकांची गर्दी नको. सोडावाल्याला म्हटलं, ती बाटली फुटल्यासारखी वाजते, माणूस दचकून पडेल, आता कोणाला सोडा देऊ नकोस. नारळवाल्याच्या पोपटावर गोणपाट टाकलं, कारण त्याच्या तोंडी जी भाषा होती ती भल्या माणसाची वाट चुकवणारी होती. छापखान्यात कांबळे नावाचे कंपोझिटर होते. पलीकडच्या चाळीतले, नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले, आणि कोणी उगाच दया दाखवली की चिडणारे. संध्याकाळच्या सभेची पत्रकं यंत्रावर चढवलेली होती. ते म्हणाले, “साहेब, यंत्र तर इथे आत आहे. ते काय रस्त्यावर येऊन त्याच्या अंगावर पडणार आहे? बंद कशाला करायचं?” मी म्हटलं, “कांबळे, माणुसकी म्हणून करा.” हा शब्द वापरला की समोरच्याला बोलता येत नाही. त्यांनी यंत्र थांबवलं, पण माझ्याकडे पाहून मान हलवली. चाळींच्या गॅलऱ्यांत माणसं दाटली होती. त्यांनाही मी बोटाने ‘गप्प’ अशी खूण केली आणि परळच्या त्या रस्त्याने बहुधा जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं. कोणी खाकरलंसुद्धा नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

भिकाजीचा नंबर पहिला होता. नवा सदरा घातलेला, हातात काठी. मामांनी मागे कलकलाट करणाऱ्या बाकीच्या मंडळींना गप्प केलं आणि फाटकात उभे राहून म्हणाले, “जा.” तो निघाला. दहा-बारा पावलं बरोबर गेला आणि थांबला. मान थोडी डावीकडे वळवली. मग उजवीकडे. काठी गटाराच्या झाकणावर आपटली, तसा तो मागे वळला, पुन्हा पुढे वळला, आणि मग त्याला पुढे कुठलं आणि मागे कुठलं हेही कळेना. रस्त्याच्या मधोमध तो उभा राहिला. शेकडो माणसं त्याच्याकडे पाहत होती आणि त्याला वाटत होतं की जगात आपण एकटेच आहोत. त्याच्या बायकोने पदर तोंडात कोंबला होता. थोरल्या भावाने खाली मान घातली, कारण जे होणार म्हणून तो आधीपासून सांगत होता तेच होत होतं.

“गिरणी का बंद आहे?” मामांनी विचारलं. आवाज हळू होता, म्हणूनच मला भीती वाटली. मी म्हटलं, “मामा, मीच बंद करायला सांगितली. छापखानाही. त्याला धक्का लागू नये म्हणून.” त्यांनी मला आजवर शंभर वेळा झापलं असेल, पण त्या दिवशी झापलं नाही. एवढंच म्हणाले, “जावईबापू, त्याचे डोळे काढून घेतलेत की हो तुम्ही.”

मला तेव्हा कळलं. पंधरा दिवस कानांवर पडत असलेली ती घोकंपट्टी मला तेव्हा कळली. मामांनी काठी उचलली आणि शाळेच्या लोखंडी फाटकावर दणादण हाणायला सुरुवात केली. “आवाज करा! मेल्यांनो, कोण मेलाय काय हयसर? आवाज करा!” गॅलऱ्यांतल्या माणसांना आवाज म्हणजे त्या दिवसांत एकच ठाऊक होता. चारी बाजूंनी एकदम गर्जना उठली, “संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!” मामा आणखी भडकले. “घोषणा नकोत! तो होईल तेव्हा होईल! रोजचा आवाज करा, रोजचा!”

पहिल्यांदा उमगलं ते कांबळ्यांना. छापखान्यातून खट-खटाक, खट-खटाक सुरू झालं. मग मी धावत जाऊन गिरणीवाल्याच्या अंगावर ओरडलो, तसा त्याने पट्टा चढवला आणि गिरणी घरघरू लागली. कोणीतरी नळाखाली बादली लावली, कोणाचं तरी मूल रडायला लागलं, कोणी मसाला कुटायला घेतला. सोडावाल्याने हुशारी केली, एकामागून एक बाटल्या फट्‌ फट्‌ फोडत सुटला. आणि दूर टोकाला पोपटावरचं गोणपाट निघालं. तासभर कोंडलेल्या त्या पोपटाने माझ्या सात पिढ्यांचा असा काही उद्धार केला की चाळीतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

भिकाजीने हनुवटी वर केली. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला नीट सांगता येणार नाही. हरवलेल्या माणसाला आपल्या माणसाने हाक मारावी तसं काहीतरी होतं ते. त्याने गिरणी डाव्या हाताला घेतली आणि चालायला लागला. छापखान्यासमोरून गेला. सोडावाल्यापाशी थांबला, गल्ली ओलांडली आणि माणसांच्या आड दिसेनासा झाला. मग आम्ही वाट पाहत बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. त्याच्या बायकोला उभं राहवेना. मी निघालो तर मामांनी काठी माझ्या पोटावर आडवी धरली. “पुरे झाली तुमची माणुसकी,” म्हणाले.

वीसएक मिनिटांनी भिकाजी आला. बगलेत नारळ. “इतका वेळ कुठे होतास रे?” मामा कडाडले. तो म्हणाला, “येताना सोडा प्यायलो, मामा. तहान लागली होती.” त्याची बायको मटकन फाटकाच्या पायरीवर बसली, हसायला लागली आणि रडायला लागली. दोन वर्षांत तो स्वतःच्या मनाने कुठे थांबून काही प्यायला नव्हता. आम्ही सगळे टाळ्या वाजवणार इतक्यात मामांनी नारळ हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला आणि तोंड वाकडं केलं. “पाणी नाही ह्यात. फसवलान तुका. जा, बदलून आण.” मी म्हटलं, “अहो मामा, आज राहू द्या ना!” पण भिकाजी केव्हाच वळला होता. नारळवाल्याला शिव्या देत, पोपटाला मागे टाकील अशा शिव्या देत, तो तरातरा निघाला. त्याचा थोरला भाऊ त्याच्या पाठीकडे बघत राहिला. दोन दिवसांनी तो भाऊच्या धक्क्यावरून एकटाच बोटीत बसला.

मामांनी मला माफ केलं असं नाही. पुढच्या वर्षी नारळफेरीत पहिला नंबर माझा लावला, डोळ्यांना पट्टी बांधून. गिरणी, छापखाना, सोडा, सगळं जोरात चालू असूनही मी थेट न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि दाढी करून परत आलो. मामा त्यानंतर कित्येक दिवस ती गोष्ट भेटेल त्याला सांगत होते.

संयुक्त महाराष्ट्र झाला. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मामा गेले. शिबिराच्या आधी, एप्रिलात. मला हायसं वाटेल अशी माझी कल्पना होती. त्या वर्षी रजा हातात होती, महाबळेश्वरही होतं, आणि मी पंधरा दिवस घरात त्या वेताच्या खुर्चीत बसून काढले. कोणी माझ्या चपलांबद्दल बोललं नाही. मी पुन्हा पाय घासत चालायला लागलो होतो आणि त्याचंच मला वाईट वाटत होतं.

त्याआधी, मामांच्या तेराव्याला दुपारी जिन्यावर काठीची टकटक आली आणि आम्ही दोघेही दचकलो. भिकाजी होता. शिवडीहून गिरगावापर्यंत, मध्ये ट्राम बदलून, एकटा आला होता. पिशवीतून त्याने नारळ काढला, माझा आवाज कुठून येतो त्याचा अंदाज घेतला आणि तो माझ्या कानाशी धरून हलवला. आत पाणी खळखळलं. “तीन परत केले तेव्हा हा घेतला, साहेब,” तो म्हणाला. मी खुर्चीत नुसता सावरून बसलो, तसा वेत करकरला. भिकाजी हसला आणि म्हणाला, “मामांची खुर्ची.”

ती खुर्ची अजून आहे. ही म्हणते, आता तिचा वेत सैल झालाय, बदलून घ्या. मी घेत नाही. जिन्यावर कधी कोणाची काठी वाजली, तर मी पाय हलवतो. मी घरात आहे, एवढं कळावं म्हणून.